दिवाळीनंतर नदीत वाहतं ते पाणी कुठून येतं?

विदर्भात सध्या पाण्याच्या दोन मोठ्या योजनांची चर्चा आहे. पहिली वैनगंगा-नळगंगा नदीजोड. राज्य सरकारनं तिला २०२४ मध्ये मान्यता दिली. गोसीखुर्द धरणातलं पाणी सुमारे ४२६ किलोमीटरच्या जोडकालव्यानं बुलढाणा जिल्ह्यातल्या नळगंगा धरणापर्यंत न्यायचं, असा तो बेत आहे. दुसरी तापी मेगा रिचार्ज, म्हणजे तापीचं पुराचं पाणी जमिनीत मुरवण्याची. तिचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात १० मे २०२५ रोजी भोपाळला झाला. त्यात ३१.१३ टीएमसी पाण्याचा आकडा आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३० कोटी.

एवढे मोठे आकडे वाचले की गावाशेजारच्या नाल्याचा विचार मागं पडतो. जो नाला होळीपर्यंत वाहायचा, तो आता दिवाळीनंतर महिन्याभरात बंद का पडतो? पाऊस फारसा कमी झालेला नसतानाही असं होतं. बाहेरून पाणी आणण्याआधी आपलं पाणी कुठं जातं, हे समजून घ्यायला हवं. ते कळलं की या दोन योजनांकडून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हेही कळतं.

## नदीत दोन प्रकारचं पाणी असतं

पहिलं पाणी पावसाचं. जोराची सर आली की वावरातून, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून), रस्त्यावरून वाहत ते नाल्यात येतं. ते गढूळ असतं आणि वेगानं निघून जातं. लहान नाल्याचा पूर काही तासांत ओसरतो, मोठ्या नदीचा दोन-चार दिवसांत. विदर्भात वर्षभरात पावसाचे खरे दिवस साधारण पन्नासच्या आसपास असतात. म्हणजे हे पाणी वर्षातले बहुतेक दिवस नदीत नसतंच.

दुसरं पाणी जमिनीतून येतं. मुरलेला पाऊस मुरुमातून आणि खडकाच्या भेगांतून हळूहळू उताराकडे सरकतो आणि नाल्याच्या काठातून, तळातून बाहेर पडतो. हे पाणी नितळ असतं आणि आभाळ कोरडं असतानाही वाहतं. पाण्याचे अभ्यासक याला ‘बेस फ्लो’ म्हणतात. या लेखात आपण त्याला पाझर म्हणू.

नोव्हेंबर ते मे या काळात, वर धरण नसलेल्या नदीत जे काही वाहतं ते सगळं पाझराचं असतं. कोरड्या मुलखात नदीची किंमत ठरते ती या पाण्यावरून. गुरांना पाणी, पाणीपुरवठ्याच्या विहिरीला आधार, डोहातले मासे, काठच्या वावरातला गहू हे सगळं पाझरावर चालतं. जुलैतला पूर नदीचा गाळ धुऊन काढतो, नवी रेती आणतो. तेही लागतंच, पण मार्चमध्ये तहान भागवायला तो पूर उपयोगी पडत नाही.

## जमीन पाणी धरते कशी

भिजवून चिंब केलेलं ज्यूटचं पोतं तिरक्या फळीवर अंथरा. पाणी ओतणं थांबलं तरी पोत्याच्या खालच्या कडेनं ठिबक सुरू राहते. आधी जोरात, मग मंद, मग अधूनमधून एखादा थेंब. शिवार म्हणजे ते पोतं आणि नाला म्हणजे त्याची खालची कड. कडेची ठिबक किती दिवस टिकेल, हे पोतं किती भिजलं आणि मधून कुणी पाणी पिळून घेतलं का, यावर ठरतं.

आपलं पोतं मात्र फार पातळ आहे. पश्चिम विदर्भाचा बहुतेक भाग आणि नागपूर-वर्ध्याचाही मोठा भाग लाव्हारसाच्या थरांतून बनलेल्या काळ्या खडकावर, म्हणजे बेसाल्टवर, उभा आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि त्याखाली घट्ट कातळ. मधे कुठं बारीक भोकांचा मांजऱ्या दगड लागतो, तर दोन थरांमध्ये कुठं लाल मातीची पट्टी. पाणी मुख्यतः मुरुमात, भेगांत आणि मांजऱ्यात राहतं. घट्ट कातळात ते जवळजवळ नसतंच.

भूजलाच्या सरकारी हिशेबात अशा झिजलेल्या बेसाल्टची पाणी देण्याची क्षमता साधारण २ टक्के धरतात. म्हणजे शंभर घनमीटर भिजलेला खडक पूर्ण निथळला तर दोन घनमीटर पाणी सुटतं. नदीकाठच्या रेतीच्या थरातून हेच पाणी सुमारे १६ घनमीटर सुटतं. गंगेच्या मैदानातला शेतकरी आणि यवतमाळचा शेतकरी यांच्या विहिरींत जो फरक आहे, तो मुख्यतः या आकड्यांचा आहे.

काळी माती हा आणखी एक अडसर. उन्हाळ्यात तिला हात-हात भेगा पडतात आणि पहिले पाऊस त्या भेगांतून खोल जातात. नंतर माती फुगते, भेगा मिटतात आणि मुरण्याचा वेग अगदी मंदावतो. म्हणून जूनमधला शांत पाऊस जमिनीत जातो, तर ऑगस्टमधली तासाभराची झोड बरीचशी वाहून जाते. तिच्यासोबत वावराची मातीही जाते.

## एका हेक्टरचा हिशेब

समजा, वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. अकोला-अमरावतीकडच्या बऱ्याच भागासाठी हा आकडा बरोबर बसतो. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. म्हणजे वर्षभरात एका हेक्टरवर ८० लाख लिटर पाणी पडतं.

त्यातला सर्वांत मोठा वाटा माती आणि पिकं परत हवेत सोडतात. काही भाग नाल्यानं निघून जातो. खडकाच्या प्रकारानुसार पावसाच्या ७ ते १३ टक्के पाणी खोल मुरून भूजलात पोचतं. सोयीसाठी १० टक्के धरू. म्हणजे ८० मिलिमीटर, हेक्टरी ८ लाख लिटर. खडक २ टक्केच पाणी धरतो म्हणून एवढ्या पाण्यानं विहिरीची पातळी ४ मीटर, म्हणजे तेरा फूट चढते. पावसाळ्यात विहीर भराभर वर येते ती यामुळे. ती तितक्याच भराभर खाली जाते तीही यामुळेच.

आता हरभऱ्याच्या ओलिताकडे पाहू. दांडानं पाट सोडून दिलेली एक पाळी साधारण ६० मिलिमीटरची होते. दोन पाळ्या दिल्या की १२० मिलिमीटर. म्हणजे ओलिताचा एक हेक्टर दीड हेक्टरवर मुरलेलं पाणी पितो.

नाल्याच्या एखाद्या पाणलोटात १,००० हेक्टर जमीन असेल, तर तिथं वर्षाला मुरणारं पाणी ८० कोटी लिटर. त्यातल्या ३०० हेक्टरला दोन पाळ्या दिल्या तर ३६ कोटी लिटर जातात. उरलेल्या ४४ कोटींत लोक, गुरं आणि नाल्याचा पाझर भागतो. ७०० हेक्टरला दिल्या तर मागणी ८४ कोटींवर जाते. मुरलं त्याहून जास्त. वावरात दिलेलं थोडं पाणी पुन्हा मुरतं हे खरं, पण त्यानं हा हिशेब उलटत नाही. संत्र्याच्या बागेला तर पाणी दोन पाळ्यांवर भागत नाही, उन्हाळाभर लागतं. वरुड-मोर्शीकडे बोअर इतके खोल का गेले, याचं उत्तर याच गणितात आहे.

## विहीर आणि नाला वेगळे नाहीत

काठाजवळच्या विहिरीतली पातळी नाल्याच्या तळापेक्षा उंच असेल, तर पाणी जमिनीकडून नाल्याकडे येतं. पातळी तळाखाली गेली की प्रवाह उलटतो आणि नाल्यात असलेलं पाणीच जमिनीत शिरू लागतं. मग वरच्या गावात वाहणारा नाला खालच्या गावापर्यंत पोचत नाही. मधेच कुणी पाणी चोरलं असं वाटतं आणि गावागावांत भांडणं लागतात. पाणी चोरीला गेलेलं नसतं, ते जमिनीत उतरलेलं असतं.

नाला बंद पडायला विहिरी कोरड्या पडाव्या लागत नाहीत, ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. विहिरीत वीस फूट पाणी असताना, फक्त पातळी तळाखाली सहा इंच गेली तरी पाझर थांबतो. उपशाचा पहिला फटका नदीला बसतो, विहिरीला खूप नंतर. म्हणून विहिरींना पाणी आहे तोवर गावाला काळजी वाटत नाही.

खोल बोअर यात भर घालतो. बोअरमध्ये केसिंग पाईप सहसा वरच्या मऊ भागापुरताच टाकतात. खाली खडक उघडा राहतो. वरच्या थरातलं पाणी त्या भोकातून खालच्या रिकाम्या थरात उतरू शकतं. मग शेजारच्या चाळीस फुटी विहिरीचा मालक म्हणतो की बोअर लागला आणि आपली विहीर बसली. अशा तक्रारीत बरेचदा तथ्य असतं. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहीर शेती व उद्योगासाठी खोदायला मनाई आहे. बोअर खोदणारी गाडी गावात येते तेव्हा हा नियम आठवणारं कुणी असलं पाहिजे.

## ‘पण आमचा तालुका तर सुरक्षित आहे’

भूजलाच्या मूल्यांकनात वर्षाला उपसता येणाऱ्या पाण्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर तालुका सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि त्यावर अतिशोषित. सुरक्षित हा शब्द वाचून हायसं वाटतं. पण हा हिशेब विहिरींसाठी आहे.

उपसता येणारं पाणी ठरवताना एकूण मुरलेल्या पाण्यातून फक्त ५ ते १० टक्के नैसर्गिक निचऱ्यासाठी बाजूला काढतात. त्या निचऱ्यातच नदीचा पाझर येतो. आपल्या उदाहरणात ८० कोटी लिटरपैकी जेमतेम ४ ते ८ कोटी. शिवाय हा आकडा पूर्ण तालुक्याचा आणि पूर्ण वर्षाचा असतो. उपसा मात्र डिसेंबर ते मार्चमध्ये आणि नाल्याकाठच्या विहिरींवर एकवटतो. त्यामुळे कागदावर सुरक्षित असलेल्या तालुक्यातही फेब्रुवारीत नाला कोरडा असू शकतो. तालुक्याच्या या शिक्क्यावर नदीचं भविष्य ठरवू नये.

## रेती ही नदीची टाकी आहे

रेती हा नदीचा कचरा आहे, उचलली तर नदी मोकळी होते, असं काही लोक मनापासून मानतात. हिशेब वेगळं सांगतो. एक किलोमीटर लांब, ५० मीटर रुंद आणि २ मीटर जाड रेतीचा पट्टा म्हणजे एक लाख घनमीटर. त्यातलं १६ टक्के पाणी म्हणजे १६,००० घनमीटर, १ कोटी ६० लाख लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या मापानं दोन हजार वस्तीच्या गावाला दिवसाला १ लाख १० हजार लिटर लागतात. म्हणजे तो एक किलोमीटर पट्टा गावाला साधारण १४५ दिवस पुरतो. जानेवारीच्या सुरुवातीपासून मेअखेरपर्यंत.

हे पाणी उन्हापासूनही वाचतं. मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला एक सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त पाणी उडून जातं. रेतीत पातळी दोन-अडीच फूट खाली गेली की बाष्पीभवन नगण्य होतं. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात झिरा खणला की पाणी लागतं, ते या साठ्याचं.

एक ब्रास रेती म्हणजे १०० घनफूट. ती उचलली की दरवर्षी भरणारा सुमारे ४५० लिटरचा साठा कायमचा जातो. पात्र खोल गेलं की काठच्या विहिरींचं पाणीही त्या नव्या खोलीपर्यंत निथळून जातं, तो तोटा वेगळा. केंद्र सरकारच्या २०१६ च्या रेती उपशाच्या मार्गदर्शक सूचनांत खोलीची मर्यादा ३ मीटर किंवा पाण्याची पातळी, यातलं जे आधी लागेल ते, अशी आहे. घाटाचा लिलाव ठरत असेल तर ग्रामसभेनं पहिला प्रश्न रेतीच्या जाडीचा विचारावा. तीन मीटर जाडीच्या थरातून तीन मीटर उचलायला परवानगी दिली, तर खाली खडकच उरेल.

## नाला खोल केला की पाणी वाढतं का?

कधी वाढतं, कधी उलटं होतं. नाल्यात गाळ साचलेला असेल तर तो काढणं चांगलंच. पण पोकलेन गाळ संपल्यावरही थांबत नाही आणि मुरूम, त्याखालचा भेगाळ खडक कापत जाते. मघाच्या पोत्याची खालची कड आणखी खाली ओढली तर काय होईल? ठिबक वाढेल आणि पोतं लवकर कोरडं होईल. खोल केलेल्या नाल्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरपूर पाणी दिसतं, फोटोही छान येतात. त्या पाण्यातला मोठा भाग शेजारच्या विहिरींतून निथळलेला असतो. जानेवारीत विहिरी खाली गेलेल्या दिसतात, पण दोष पावसाला दिला जातो.

काम करायचंच असेल तर आधी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन थर पाहावेत. गाळ संपला की थांबावं. सलग खोदू नये, मधे मधे न खोदलेले आडवे पट्टे ठेवावेत, म्हणजे पाणी टप्प्याटप्प्यानं अडतं. काठ सरळ उभे न कापता उतार द्यावा, नाहीतर पहिल्याच पावसात काठ ढासळून नाला पुन्हा भरतो.

सिमेंट नालाबांधांचंही थोडं असंच आहे. बांधल्यावर दोन-तीन वर्षं ते छान मुरवतात. मग वरून आलेली चिकण माती तळाशी बसते आणि तिचा थर पाणी अडवून धरतो. पाणी साचलेलं दिसतं, पण मुरत नाही, उन्हानं उडतं. उन्हाळ्यात हा वरचा थर काढून वावरात टाकावा, मातीही सुधारते. फक्त खालच्या मुरुमाला हात लावू नये.

कोल्हापुरी बंधाऱ्याचं यश तर एका तारखेवर असतं. परतीचा पाऊस संपताना, ऑक्टोबरच्या मध्याला, प्रवाह जिवंत असतानाच दारं बसवावी लागतात. उशीर झाला तर अडवायला पाणीच उरत नाही. आणि लवकर बसवली, वरून पूर आला, तर बंधाऱ्याच्या बाजूची माती खरडून पाणी काठातून नवी वाट काढतं. दारांचं रबर सप्टेंबरमध्येच तपासावं. गळक्या दारांचा बंधारा महिनाभरात रिकामा होतो.

## शेततळ्यानं भूजल वाढतं का?

प्लास्टिकचं अस्तर असलेल्या शेततळ्यातून पाणी मुरत नाही, त्यासाठीच तर ते अस्तर असतं. ते पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरलं तर ठीक. पण बरीच तळी हिवाळ्यात विहिरीतून किंवा बोअरमधून भरतात. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवण्याचा हा प्रकार आहे. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोलीच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर मावतं. ते भरलेलं असेल तर मे महिन्यात त्यातून रोज आठ-नऊ हजार लिटर उडून जातं. बागायतदाराला आपल्या बागेसाठी ते परवडत असेल, पण त्याला जलसंधारण म्हणू नये.

पाझर वाढवायचा तर पाणी मुळात वावरातच थांबायला हवं. उताराला आडवी पेरणी, सोयाबीनसाठी रुंद वरंबा सरी, पऱ्हाटीत (कपाशीत) डवऱ्याला, म्हणजे कोळप्याला, दोरी गुंडाळून पाडलेल्या सऱ्या, धुऱ्यांची डागडुजी, माथ्यावरच्या पडीक जमिनीत समतल चर. ही कामं दिसायला लहान आहेत, त्यांचं उद्घाटन होत नाही. पण पाणलोटाचा बहुतेक भाग वावरांचाच असतो, नाल्याचं पात्र त्यातला किरकोळ तुकडा. हेक्टरी आणखी १० मिलिमीटर पाणी मुरलं तर १,००० हेक्टरात १० कोटी लिटर होतं. एवढं पाणी साठवायला वरच्या मापाची पंचेचाळीस शेततळी लागतील.

मात्र वाढलेलं पाणी पाहून ओलिताचं क्षेत्र वाढलं, तर नाल्याला काही मिळत नाही. पाणलोटाची चांगली कामं झालेल्या गावांतही पाच-सात वर्षांत टँकर परत येतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. मुरवणं आणि उपसा आटोक्यात ठेवणं, दोन्ही एकत्र हवं. हरभऱ्याला तुषार संच लावला तर ६० मिलिमीटरची पाळी ३५-४० वर येते. पण वाचलेल्या पाण्यावर लगेच गहू पेरला तर वाचलं काय?

## नदीजोड आलं तर हे सगळं कशाला?

वैनगंगा-नळगंगा योजनेतून सहा जिल्ह्यांत सुमारे ३.७१ लाख हेक्टर भिजवण्याचं नियोजन आहे. एकट्या अमरावती विभागात खरिपाचा पेरा ३० लाख हेक्टरच्या वर असतो. ज्या वावरांना कालवा मिळेल त्यांचं भलं होईल आणि कालव्यातून मुरणाऱ्या पाण्यानं आसपासच्या विहिरीही उचलतील. त्याला विरोध करायचं कारण नाही. पण कालवा उताराच्या हिशेबानं एका रेषेत जातो. त्या रेषेच्या वरच्या बाजूची गावं, डोंगराळ भाग आणि शेकडो छोटे नाले त्याच्या आवाक्याबाहेरच राहतात. त्यांना आपल्या शिवारात पडलेल्या पावसावरच जगायचं आहे. शिवाय एवढा कालवा पूर्ण व्हायला वर्षं लागतात. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि तिथली कामं त्यानंतर तीन दशकांहून जास्त काळ चालली.

तापी मेगा रिचार्जची कल्पना या लेखाच्या विषयाच्या जास्त जवळची आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, अचलपूर, अकोट, तेल्हारा या बाजूला डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि रेतीचा जाड पट्टा आहे. त्याला बजाडा म्हणतात. डोंगरातून उतरणारे नाले या पट्ट्यात शिरले की बरंच पाणी आत झिरपून जातं. तापीचं पुराचं पाणी कालव्यानं या पट्ट्यापर्यंत आणायचं आणि मुरवायचं, हा त्या योजनेचा गाभा आहे. बेसाल्टपेक्षा इथं साठवण कितीतरी जास्त, म्हणून जागा योग्य आहे. अट एकच, मुरवायचं पाणी गाळरहित हवं. गढूळ पाणी सोडलं तर चिकण माती गोट्यांच्या फटी बुजवते आणि काही वर्षांत पट्टा पाणी घेईनासा होतो.

## सगळा विदर्भ सारखा नाही

बजाड्याच्या दक्षिणेला पूर्णेचा खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला हा भाग शेकडो मीटर जाडीच्या गाळाचा आहे आणि त्यातलं भूजल खारट आहे. इथं मुरवणं हा उपाय चालत नाही. मुरलेलं गोडं पाणी खाऱ्यात मिसळतं आणि ओलीत वाढलं तर क्षार वर येऊन जमीन चोपण, म्हणजे क्षारानं खराब, होते. इथं शेततळं हेच योग्य, तेही पावसानं भरणारं. माती इतकी चिकण आहे की बरेचदा अस्तराचीही गरज पडत नाही.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे पाऊस जास्त, खडक वेगळा आणि जुनी व्यवस्थाही वेगळी. तिथले साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, आणि वावरातल्या बोड्या, म्हणजे लहान तळी, धानाला पाणी देतात. त्यांच्या पाळीतून, म्हणजे मातीच्या बांधातून, झिरपणारं पाणी खालच्या विहिरी आणि नाले जिवंत ठेवतं. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात पडतो, अशी साखळी अनेक गावांत आहे. मधला एक तलाव गाळानं भरला किंवा त्यावर अतिक्रमण झालं की खालच्या सगळ्यांचा हिशेब बिघडतो. म्हणून एकेका तलावाला निधी देण्याऐवजी साखळी दुरुस्त करायला हवी.

## गावात मोजायचं कसं

नाल्याचा पाझर मोजायला यंत्र लागत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाल्याचा सरळ, मोकळा १० मीटरचा तुकडा निवडा. रुंदी मोजा. काठीनं पाच ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा. लाकडाचा हलका तुकडा धारेत सोडा आणि १० मीटर जायला लागणारे सेकंद मोजा. हे तीनदा करा. वरचं पाणी तळच्या पाण्यापेक्षा वेगानं जातं आणि दगडगोट्यांच्या उथळ तळावर हा फरक मोठा असतो, म्हणून आलेल्या वेगाला ०.७ नं गुणा.

रुंदी २ मीटर, खोली १५ सेंटिमीटर आणि १० मीटरला ४० सेकंद लागले, तर प्रवाह सेकंदाला सुमारे ५२ लिटर. दिवसाला ४५ लाख लिटर. पाच अश्वशक्तीचा पंप साध्या विहिरीतून सेकंदाला ८ ते १० लिटर उचलतो. म्हणजे काठावरचे सहा पंप एकाच वेळी सुरू झाले की हा नाला संपतो. ग्रामसभेत हा आकडा फळ्यावर लिहिला तर किती पंप, कोणत्या वेळी, ही चर्चा आरोपांशिवाय होऊ शकते.

विहिरींसाठी नाल्यापासून वेगवेगळ्या अंतरावरच्या पाच-सहा विहिरी निवडा. कठड्यावर रंगानं एक खूण करा आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी पंप सुरू होण्याआधी, खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली फुटांच्या खुणा असलेल्या टेपनं मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. गावची वही असेल तर तुलना करता येते. नाल्याजवळच्या विहिरीसाठी गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी घेऊन कठड्यावरची खूण नाल्याच्या तळापेक्षा किती उंच आहे, हे एकदाच काढून ठेवा. ती उंची समजा १८ फूट आली, तर ज्या महिन्यात टेप १८ फुटांच्या पुढे जाईल, त्या महिन्यात नाल्याचा पाझर थांबेल. टेप १५ फुटांवर असतानाच पाळ्यांचं वेळापत्रक ठरवावं. १८ ओलांडल्यावर ठरवायला नाल्यात काही उरलेलं नसेल.